राजगृहीचे गरम पाणी आणि बाईंचा प्रश्न



चातुर्मास लागला की स्वयंपाकघरात पाण्याची मांडामांड बदलते. पाणी गाळायचे, तीन उकळ्या येऊ द्यायच्या, परातीत ओतून निववायचे आणि वेळ लक्षात ठेवायची. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. हे काम मी चाळीसहून अधिक वर्षे करते आहे. हात आपोआप चालतात आणि मन भटकत राहते. बहुतेक वेळा ते राजगृहीला जाऊन पोहोचते, कारण तिथल्या गरम पाण्याच्या कुंडापाशी माझ्या सासूबाईंनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. नुसते चुकीचे नाही, उद्धटपणे दिले होते.

सासूबाईंना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणायचो. १९९८ च्या डिसेंबरात त्यांना घेऊन आम्ही शिखरजी, पावापुरी, राजगृही अशी यात्रा केली. बाईंचे वय तेव्हा बहात्तर. चौविहार कधी चुकलेला नाही, पाणी फक्त उकळलेले. राजगृहीला त्या दिवशी दुपारी आम्ही वैभारगिरीच्या पायथ्याशी आलो. थर्मासमधले पाणी संपले होते. मी मनात म्हटले, सूर्यास्ताला अजून वेळ आहे, उतरण्याच्या जागी जाऊन पाणी उकळू. पण माझा हिशोब नगरच्या घड्याळाचा होता. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिकडे पूर्वेला पाचलाच. बघता बघता ऊन डोंगराआड गेले. सूर्यास्ताला दहा-पंधरा मिनिटे उरली, आणि बाईंचे ओठ तर सुकलेले.

समोर कुंडाच्या धारा वाहत होत्या, पाण्यातून वाफ निघत होती. मी पेला भरला, रुमालाने गाळला आणि बाईंपुढे धरला. म्हटले, “बाई, हे जमिनीतूनच तापून आलंय. उकळलेलंच समजा.”

बाईंनी पेल्यात बोट घातले आणि तसेच धरून ठेवले. मग विचारले, “बींदणी, हे पाणी कोणी उकळलं?”

“निसर्गाने,” मी म्हटले.

“ज्यात बोट ठरतं ते उकळलेलं नसतं,” असे म्हणून त्यांनी पेला माझ्या हातात परत दिला.

मला राग आला. बरोबरच्या दहा-बारा बायकांसमोर मी म्हटले, “प्रत्यक्ष महावीरस्वामींच्या गावात बसून तुम्ही धर्माचा एवढा कीस काढता! काही झालं तर आम्ही कुठे धावायचं?” बाई काहीच बोलल्या नाहीत. हात जोडले, पच्चक्खाण घेतले आणि दुसऱ्या दिवशी नवकारसी होईपर्यंत तशाच राहिल्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या चातुर्मासात आमच्या स्वाध्याय मंडळात भगवती सूत्राचे वाचन झाले आणि त्यात हाच प्रश्न निघाला. हाच म्हणजे अगदी हाच झरा आणि हेच पाणी. म्हणून हा लेख. पण उत्तरापर्यंत जाण्याआधी या पाण्याचा इतिहास सांगते, कारण इतका मोठा इतिहास असलेले स्नानाचे ठिकाण आपल्या तीर्थाच्या पायरीवर आहे आणि आपण तिथून नुसत्या चपला सांभाळत पुढे जातो.

राजगृही आज बिहारच्या नालंदा जिल्ह्यात आहे. विपुल, रत्न, उदय, स्वर्ण आणि वैभार हे पाच पहाड आणि त्यांच्या कुशीत मगधाची जुनी राजधानी. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांची चार कल्याणके इथली. महावीरस्वामींनी राजगृही आणि तिचे उपनगर नालंदा इथे मिळून १४ चातुर्मास केले, असे कल्पसूत्र सांगते. अकराही गणधर इथेच निर्वाणाला गेले. वैभारगिरीवर देरासरांच्या दर्शनाला चढायचे तर पायऱ्यांची वाट गरम कुंडांपासूनच सुरू होते. सप्तधारेला भिंतीतून सात धारा पडतात. शेजारी ब्रह्मकुंड आहे, ते सगळ्यांत गरम. तिथले पाणी साधारण ४५ अंश सेल्सियसपर्यंत असते. म्हणजे अंग शेकते, पण भाजत नाही.

या पाण्यात पूर्वी कोण कोण न्हाले?

पहिली गोष्ट राजा श्रेणिकाची. बौद्ध लोक त्याला सेनिय बिंबिसार म्हणतात आणि या झऱ्याला ‘तपोदा’. विनयपिटकात ती येते. राजा एकदा डोके धुवायला तपोदाला गेला. तिथे बौद्ध भिक्षू न्हात होते. त्यांचे झाल्यावर आपण न्हाऊ, म्हणून राजा बाजूला थांबला. भिक्षूंचे स्नान काही आटपेना. अंधार पडला. मग राजा न्हाला, पण तोवर नगराचे दरवाजे बंद झाले होते. मगधाच्या राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी तो तसाच बुद्धांकडे गेला. अवेळी येण्याचे कारण कळल्यावर बुद्धांनी भिक्षूंना बोल लावला आणि नियम घातला, की पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करायचे नाही. पुढे कडक उन्हाळा, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास, वादळ-पाऊस अशा सवलतीही दिल्या.

मला या गोष्टीत राजा फार आवडतो. सत्ता त्याची, झरा त्याच्या राज्यातला, तरी तो साधूंना “उठा” म्हणाला नाही. आपल्याकडे धर्मशाळेच्या न्हाणीघरापुढे सकाळी काय चालते ते आपण सगळ्या जाणतो.

पुढे सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्सांग इथे आला. त्याने लिहून ठेवले आहे, की पूर्वी इथे पाचशे झरे होते, आता काही दहाच उरले आहेत. काही थंड, काही गरम. झऱ्यांच्या तोंडाशी सिंहाची आणि पांढऱ्या हत्तीची मस्तके कोरलेली होती, खाली दगडी टाकी बांधलेली होती. लांबून लोक न्हायला येत आणि पुष्कळांचे जुने आजार बरे होत. म्हणजे गुडघ्यांसाठी गरम पाणी शोधणारी माणसे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीही याच पायऱ्या उतरत होती.

चौदाव्या शतकात सूफी संत मखदूम शरफुद्दीन याह्या मनेरी यांनी या डोंगरांत एकांतात साधना केली. विपुलगिरीच्या पायथ्याचा झरा त्यांच्या नावाने मखदूम कुंड म्हणून ओळखला जातो. त्याच शतकात आपले जिनप्रभसूरी यांनी ‘विविधतीर्थकल्पा’त वैभारगिरीवर एक कल्प रचला. त्यातही या डोंगराच्या गरम आणि थंड कुंडांचा उल्लेख आहे.

आणि हिंदू बांधवांचा तर इथे मलमासाचा मोठा मेळा भरतो. मलमास म्हणजे आपल्याकडचा अधिक महिना, धोंड्याचा महिना. महाराष्ट्रात शेजारच्या घरी जावयाला तेहतीस अनारसे जातात, त्या महिन्यात सगळे तेहतीस कोटी देव राजगीरला राहायला येतात अशी तिकडची श्रद्धा. महिनाभर लोक कुंडांत न्हायला लोटतात.

बौद्ध, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या आठवणी या पाण्याशी जोडलेल्या आहेत. मग आपल्या परंपरेत स्नान कुठे आहे?

कथांमध्ये आहे, आणि तेही राजगृहीतच. शालिभद्र शेठची आई भद्रा आठवा. दिवाळीला वहीपूजनात आपण शालिभद्राच्या ऋद्धीची इच्छा लिहितो, तेच घर. राजालाही परवडली नाहीत अशी सोळा रत्नकांबळी भद्राने घेतली आणि बत्तीस सुनांसाठी त्यांचे बत्तीस तुकडे केले. सुनांनी स्नानानंतर त्याला पाय पुसले आणि टाकून दिले. मग राजा श्रेणिक स्वतः ते घर पाहायला आला. तिथे स्नान करताना त्याची अंगठी पाण्यात पडली. भद्राने पाणी काढायला लावले, तर तळाशी रोज उतरवून टाकलेल्या दागिन्यांचा खच होता आणि त्यात राजाची अंगठी कोळशासारखी दिसत होती. ही सगळी श्रीमंती न्हाणीघरातच दाखवली आहे. आणि हाच शालिभद्र पुढे दीक्षा घेऊन धन्ना मुनींबरोबर वैभारगिरीच्या शिळेवर अनशन करतो. ज्या मुलाच्या अंगाला फुलाचा भार सोसत नव्हता, तो गरम कुंडाच्या वर काही अंतरावर, तापलेल्या दगडावर शांत पडून राहिला.

कारण दीक्षा घेतली की स्नान सुटते. दशवैकालिक सूत्रात साधूंनी न करण्याच्या गोष्टींच्या यादीत स्नान आहे, आणि सहाव्या अध्ययनात त्याचे कारण दिले आहे. जमिनीच्या पोकळीत, भेगांत सूक्ष्म जीव असतात. पाणी प्रासुक असले तरी न्हाणाऱ्याच्या अंगावरून ओघळून ते तिथे जाते आणि ते जीव वाहून जातात. म्हणून थंडही नको आणि गरमही नको. लोक विचारतात, तुमचे महाराज अंघोळ का करत नाहीत? आपण घाईघाईने ‘शरीराचा मोह नको म्हणून’ सांगतो. तेही खरे, पण सूत्र आधी भेगेतल्या जीवाकडे बोट दाखवते. बुद्धांच्या नियमाच्या वेळी बाहेर राजा ताटकळत होता. आपल्या नियमात जमिनीखाली, डोळ्यांना न दिसणारा कोणीतरी आहे.

आता भगवती सूत्र. दुसऱ्या शतकात, पाचव्या उद्देशकात गौतमस्वामी विचारतात: भगवन्, अन्य मतांचे लोक म्हणतात की राजगृहाबाहेर वैभार पर्वताखाली अनेक योजने लांबरुंद असा मोठा जलाशय आहे, तिथे मोठमोठे मेघ तयार होतात, बरसतात, आणि तो भरून वाहू लागला की गरम पाणी बाहेर येते. हे खरे आहे का?

महावीरस्वामी सांगतात, तसे नाही. वैभारगिरीजवळ पाचशे धनुष्य लांबरुंद असा ‘महातपोपतीरप्रभव’ नावाचा झरा आहे. त्यात उष्ण योनीचे पुष्कळ जीव आणि पुद्गल पाणी होऊन उपजतात आणि च्यवतात. ते भरून वाहते, तेच हे गरम पाणी.

हे ऐकले आणि माझ्या हातातली वही तशीच राहिली.

थोकड्यांमध्ये आपण योनीचे प्रकार पाठ केले आहेत: शीत, उष्ण, शीतोष्ण. ‘उष्ण’ शब्दापाशी मी कधी थांबलेच नव्हते. चुलीवर पाणी तापते तेव्हा त्यातले अप्काय जीव मरतात आणि पाणी अचित्त होते. पण झऱ्याचे पाणी गरम आहे, कारण त्या जीवांचे जन्मस्थानच उष्ण आहे. ती ऊब त्यांना मारणारी नाही, त्यांच्या जन्माची आहे. म्हणजे ते पाणी सचित्त. बाईंना सूत्र माहीत नव्हते. त्यांनी फक्त बोट घालून पाहिले होते.

भूगर्भशास्त्र या झऱ्याविषयी वेगळ्या बाजूने सांगते. राजगीरचे डोंगर कठीण गारेच्या, म्हणजे क्वार्टझाइटच्या, खडकाचे आहेत. पावसाचे पाणी त्यांच्या भेगांतून खूप खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येते. आपल्याकडच्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या आणि कोकणातल्या उन्हवऱ्याच्या झऱ्यांचेही साधारण असेच आहे. तिथे कुठे ज्वालामुखी धगधगत नाही, पाणीच खोलवर फिरून येते.

काही जणी लगेच म्हणतील, बघा, आता विज्ञानानेही गरम झऱ्यांत जीव सापडल्याचे सांगितले. ते खरे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत असे जिवाणू सापडले, की ज्यांना ७० अंशांचे पाणीच मानवते. त्यांच्यापासून मिळालेल्या द्रव्यावरच पुढे पीसीआर तपासणी उभी राहिली. कोविडमध्ये आपल्या नाकातून काडी घालून घेतलेल्या नमुन्याची झाली तीच. पण मैत्रिणींनो, यात घाई करू नका. ते जिवाणू पाण्यात राहणारे जीव आहेत. अप्काय म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे ते जीव. दोन्ही एक नाहीत. आपल्या सूत्राला विज्ञानाच्या शिक्क्याची गरज नाही आणि विज्ञानाला आपल्या. पाणी कसे तापले हा एक प्रश्न आहे, आणि त्या पाण्याशी मी कसे वागायचे हा दुसरा. बाईंचा प्रश्न दुसरा होता. मी उत्तर पहिल्याचे दिले.

याच वैभारगिरीजवळची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ज्ञाताधर्मकथेतला नंद मणियार. राजगृहीतला श्रीमंत श्रावक. ज्येष्ठ महिन्यात त्याने पौषधशाळेत तेला केला. उपवासात तहान लागली, जीव कासावीस झाला आणि मनात आले, जे लोक विहिरी-तळी बांधतात ते धन्य. पारणे झाल्यावर तो राजाकडे गेला, परवानगी घेतली आणि वैभार पर्वताजवळ मोठी पुष्करिणी बांधली. चार बाजूंना चार बागा. एकीत चित्रशाळा, एकीत अन्नछत्र, एकीत दवाखाना, एकीत केस-दाढी करून देणारे लोक. सगळे फुकट. माणसे यायची, न्हायची, पाणी प्यायची, घागरी भरायची आणि नंदाचे नाव घ्यायची.

ते नाव ऐकता ऐकता नंदाचा जीव त्या तळ्यात अडकला. पुढे त्याला सोळा रोग झाले. मरताना ध्यान तळ्याचेच, म्हणून तो त्याच तळ्यात बेडूक होऊन जन्मला. न्हायला आलेले लोक “धन्य तो नंद मणियार” म्हणत होते, ते ऐकून बेडकाला पूर्वजन्म आठवला. त्याने पुन्हा व्रते घेतली, बेल्याची तपस्या सुरू केली. आणि पारण्याला काय घ्यायचे ठरवले? काठावरचे लोकांच्या अंघोळीचे प्रासुक झालेले पाणी आणि त्यांच्या अंगावरून निघालेले उटणे-मळी. एवढेच. शेवटी महावीरस्वामींच्या दर्शनाला निघाला असता श्रेणिकाच्या लवाजम्यातल्या घोड्याच्या टापेखाली तो चिरडला आणि शुभ भावात देवगतीला गेला.

आमच्या मंडळात यावर वाद झाला. एक ताई म्हणाल्या, म्हणजे तळे बांधणे वाईट का? मला तसे वाटत नाही. तहानलेल्याला पाणी देणे वाईट असते तर आज त्याच वैभारगिरीच्या पायथ्याशी वीरायतन उभे राहिले नसते. १९७३ पासून तिथे काम सुरू आहे आणि हजारो गरिबांना तिथे डोळ्यांचे उपचार मिळाले आहेत. ते काम उभे करणाऱ्या आचार्य चंदनाजी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या चास-कमानच्या. नंदाच्या बागेतला दवाखाना जणू पुन्हा सुरू झाला. नंदाला बाधले ते तळे नव्हे, ‘माझे’ तळे.

आणि मला बाधले ते ‘माझे’ उत्तर. मी बी.कॉम. झालेली, घरात सगळा हिशोब माझ्याकडे. बाई चौथी शिकलेल्या. तहान त्यांना लागली होती आणि घाई मला झाली होती, कारण त्यांचे काही झाले असते तर दोष माझ्यावर आला असता. थर्मास कमी भरला मी, सूर्यास्ताची वेळ चुकवली मी, आणि आवाज चढवला तोही मीच. त्यांनी माझी चूक कोणाला दाखवली नाही. रात्रभर तहान सोसली. सकाळी नवकारसी आल्यावर मी उकळून निववलेले पाणी दिले, ते दोन्ही हातांनी घेतले आणि पहिला घोट घेण्याआधी मलाच विचारले, “तू चहा घेतलास का?”

त्या वेळी मला वाटले, बाई राग विसरल्या. आता वाटते, त्यांना राग आलाच नव्हता.

राजगृहीला जाल तर कुंडाजवळून नुसत्या जाऊ नका. थोडा वेळ पायरीवर बसा. इथे एका राजाने साधूंसाठी स्वतःचे स्नान थांबवले. वर शालिभद्राने देह ठेवला. याच परिसरात एका बेडकाने लोकांच्या अंघोळीच्या पाण्यावर पारणे केले. आणि हो, डिसेंबरात जाणार असाल तर पाणी चारच्या आत उकळून घ्या आणि थर्मास दोन न्या.

मी आता पाण्याला तीन उकळ्या आल्या तरी लगेच गॅस बंद करत नाही, क्षणभर थांबते. बाईंचे ते बोट आठवते. ज्या माणसाला खमासमणा देऊन माफी मागायची ते समोर नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने म्हणते, बाई, मिच्छामि दुक्कडं.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर त्याचेही मिच्छामि दुक्कडं.